पहिल्या घराचा व्यवहार लवकर पार पडावा म्हणून आपण काय करू शकतो?

पायवाट

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी पहिलं घर घेतायत. नवं बांधकाम नाही, राहतं घर आहे. पसंत पडलं, किंमत तोंडी ठरली. विकणारं जोडपं वयस्कर आहे, त्यांना मुलाजवळ राहायला जायचंय आणि आठ आठवड्यांत सगळं आटोपायला हवंय. तसं झालं नाही तर ते दुसऱ्या ग्राहकाशी बोलणार, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही आहे.

अडचण अशी की भावाची रात्रपाळी असते आणि वहिनीला सातवा महिना लागलाय. त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली आहे. मी खरेदीदार नाही, विक्रेती नाही, कागदावर माझं नाव कुठेच नाही. अशा माणसाने व्यवहाराला गती द्यायची तर नेमकं काय करायचं? आणि कुठे घाई अजिबात करायची नाही, तेही सांगा. मला दोघांची खूप काळजी वाटतेय.

शिस्तीत

पायवाट, कागदावर नाव नसलेला पण सगळ्यांना फोन करणारा एक माणूस असला की व्यवहार निम्म्या वेळात होतो. तुम्ही आहात, हे त्या दोघांचं मोठं भाग्य.

मी आजवर स्वतःचं एक आणि नात्यातली चार घरं पार पाडली. दरवेळी एकच दिसलं. प्रत्यक्ष कामाला फार वेळ लागतच नाही. वकिलाला कागद वाचायला दोन दिवस, बँकेच्या मूल्यांकनवाल्याला घर बघायला एक तास, मसुदा लिहायला एक दुपार. बाकीचे सगळे दिवस कोणीतरी कोणाची तरी वाट बघण्यात जातात. बँक म्हणते वकिलाचा अहवाल आला नाही, वकील म्हणतो विक्रेत्याने जुनं खरेदीखत दिलं नाही, आणि विक्रेत्याला कोणी मागितलंच नाही, तो आपला निवांत बसलेला असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी एक मोठा कागद घ्या. त्यावर भाऊ, वहिनी, दोन्ही विक्रेते, बँक, वकील, एजंट, नोंदणी कार्यालय अशी सगळी नावं लिहा आणि प्रत्येकापुढे 'याला कोणाकडून काय हवंय' ते लिहा. कामं एकापाठोपाठ लावू नका. वकिलाची मालकी तपासणी, बँकेचं मूल्यांकन आणि घराची पाहणी एकाच आठवड्यात सुरू करता येते. पहिली संपेपर्यंत दुसरीला थांबायचं काही कारण नसतं. फक्त एखाद्या तपासणीत व्यवहार फिसकटला तर बाकीच्यांची फी वाया जाते, तेवढी तयारी ठेवा.

आणि फाईल. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या पावत्या, कर विवरणपत्र, खात्याची विवरणपत्रं. विवरणपत्र म्हणजे सगळी पानं, कोरी पानंसुद्धा. माझ्या मेहुण्याची फाईल नऊ दिवस अडकली होती, कारण सहा पानांच्या स्टेटमेंटमधलं सहावं पान त्याने जोडलं नव्हतं. त्या पानावर तळाशी फक्त 'पान ६ पैकी ६' एवढंच छापलेलं होतं.

निवांत

आठ आठवडे ही विक्रेत्याची गरज आहे, तुमच्या भावाची नाही. घाई त्यांची, मग जोखीम तुमची का?

घारी

@निवांत, विक्रेत्याला वेळेचं बंधन असतं हे खरेदीदाराच्या फायद्याचंही असतं हो. ते कागद शोधायला टाळाटाळ करणार नाहीत.

पायवाटताई, एक महत्त्वाचं. व्यवहार पूर्ण होईपर्यंत भावाला आणि वहिनीला कुठलंही नवं कर्ज घेऊ देऊ नका. बाळ येणार म्हणून फर्निचर हप्त्यावर, नवी गाडी, नवं क्रेडिट कार्ड, काही नाही. आम्ही मंजुरीपत्र हातात आल्यावर आनंदाच्या भरात कपाट आणि पलंग हप्त्याने घेतला. कर्ज देण्याआधी बँकेने पत-अहवाल पुन्हा काढला, त्यात नवा हप्ता दिसला आणि आमची पात्रता पुन्हा मोजली. मंजूर रक्कम कमी झाली. तो फरक भरून काढायला मला बहिणीकडे हात पसरावा लागला. नोकरी बदलायचा विचार असेल तर तोही पुढे ढकला.

जुनाट_पेटी

मालकीवर बोलतो, कारण माझे पाच महिने तिथेच गेले.

आम्ही ज्यांच्याकडून घर घेत होतो ते गृहस्थ अगदी सज्जन. घर त्यांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर. थोरला भाऊ वारलेला. यांचा प्रामाणिक समज असा की भाऊ गेला म्हणजे घर आता आपलंच. वकिलाने विचारलं, भावाला मुलं किती? तीन. एक परदेशात, एकाशी बोलणं बंद, एक तयार. तिघांचं हक्कसोड पत्र मिळेपर्यंत सगळं ठप्प. त्यात परदेशातल्या मुलाची सही तिथल्या वकिलातीत साक्षांकित करून हवी होती, त्यालाच सात आठवडे लागले.

मला तेव्हा प्रश्न पडला की घर कोणाचं आहे हे कळायला एवढं खणावं का लागतं? मग वाचलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स नावाचा माणूस होता. तो आधी जकात खात्यात होता, जहाजांच्या नोंदणीची पद्धत त्याला माहीत होती. जहाज कोणाचं हे एका नोंदवहीत बघून कळतं, मग जमिनीचं का नाही, असा त्याचा विचार. १८५८ मध्ये तिथे तसा कायदा झाला आणि नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा ठरला. पुढे तो अनेक देशांनी घेतला. पण जिथे तशी पद्धत नाही तिथे दस्ताची नोंद होते, मालकीची हमी मिळत नाही. भारतातला १९०८चा नोंदणी कायदाही दस्त नोंदवतो. दस्तातला विकणारा खरोखर मालक आहे का, हे बघणं खरेदीदारावरच येतं.

त्यामुळे विक्रेत्याला आजच तीन प्रश्न विचारा. घर कोणाकोणाच्या नावावर आहे? तुमच्याकडे ते कसं आलं, म्हणजे खरेदी, वारसा, बक्षीस, वाटणी? आणि त्या नावांपैकी कोणी हयात नाही, कोणी वेगळं झालंय, असं काही आहे का? हे विचारायला संकोच वाटतो, पण दोन महिन्यांनी वकिलाच्या तोंडून उत्तर ऐकण्यापेक्षा बरं.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. @शिस्तीत, मोठा कागद काल रात्रीच भिंतीवर लावला. @जुनाट_पेटी, आज फोन केला. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे, दोघं हयात, स्वतः खरेदी केलेलं. त्यावर कर्ज होतं, पण ते तीन वर्षांपूर्वी पूर्ण फिटलंय. म्हणजे इथे काही अडचण नसावी ना?

आडवी_रेघ

थांबा थांबा. कर्ज फिटणं आणि बोजा, म्हणजे घरावर नोंदवलेला बँकेचा हक्क, उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

शेवटचा हप्ता गेला की लोकांना वाटतं झालं. पण बँकेकडून मूळ कागद परत घ्यायचे असतात, 'येणे बाकी नाही' असं पत्र घ्यायचं असतं, आणि जिथे जिथे बँकेचा बोजा नोंदवलेला असतो तिथून तो काढून घ्यायचा असतो. हे शेवटचं अनेकदा राहून जातं. मग तुमच्या भावाच्या बँकेचा वकील शोध घेतो तेव्हा जुन्या बँकेचं नाव तिथे तसंच दिसतं आणि फाईल परत येते. भारतात आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, डिसेंबर २०२३ पासून लागू. तुमच्या विक्रेत्यांनी कर्ज नेमकं कधी फेडलं ते बघा, त्याआधीचं असेल तर काम राहिलेलं असण्याची शक्यता जास्त.

हे काम विक्रेत्याचं आहे, पण ती वयस्कर मंडळी आहेत. त्यांच्यासोबत बँकेत जा. खरंच जा. माझ्या व्यवहारात विक्रेत्या आजी तीनदा एकट्या गेल्या आणि तीनदा 'उद्या या' ऐकून परत आल्या. चौथ्यांदा मी सोबत बसले, अर्ज लिहून दिला, पोच घेतली. अकरा दिवसांत पत्र आलं.

कोरा_कागद

पैशांचं बोलू या, कारण शेवटच्या आठवड्यातली अर्धी धावपळ त्याचीच असते.

स्वतःच्या खिशातला जो भाग द्यायचाय तो कुठे कुठे आहे ते आत्ताच बघा. मुदत ठेव मोडायला, फंडातून काढायला, भविष्यनिर्वाह निधीतून अर्ज करायला प्रत्येकी वेगळे दिवस लागतात. आईवडील किंवा तुम्ही काही रक्कम देणार असाल तर ती लवकर द्या आणि साधं पत्र लिहून ठेवा, कोणी दिले, नातं काय, परत करायचे आहेत की भेट आहेत. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की बँक विचारणारच, ते मनी लाँडरिंगच्या नियमात बसतं, संशय म्हणून नाही. ते पत्र आधीच फाईलमध्ये असलं तर प्रश्नच येत नाही.

दुसरं, अगदी क्षुल्लक वाटणारं. ऑनलाइन पैसे पाठवायची रोजची मर्यादा! आमच्या नोंदणीच्या दिवशी सगळे कार्यालयात जमलेले, विक्रेते, साक्षीदार, वकील, आणि माझ्या खात्याची रोजची मर्यादा संपली. नव्याने जोडलेल्या खात्यावर तर पहिले काही तास आणखीच कमी मर्यादा होती. चार वाजता कार्यालयाची वेळ संपली आणि सगळे उठून गेले. पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली. विक्रेत्याचं खातं आठवडाभर आधी जोडा, एक लहानशी रक्कम पाठवून पोचली का विचारा, मर्यादा वाढवून घ्या.

तिसरा_मजला

कोरा_कागद यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, आणि कृपा करून हे सगळ्यांनी वाचा.

आमच्या वकिलांकडून मेल आला की खाते क्रमांक बदलला आहे, उरलेली रक्कम नव्या खात्यावर भरा. मेलमध्ये आमच्या घराचा पत्ता बरोबर, रक्कम बरोबर, तारीख बरोबर, खाली सहीसुद्धा तीच. माझी बायको पैसे पाठवायला बसली होती. तिने पाठवणाऱ्याचा पत्ता मोठा करून बघितला तर त्यात एक अक्षर जास्त होतं. आधीच्या सगळ्या मेलमध्ये एकच 'एल' होता, यात दोन.

आम्ही वकिलांना पहिल्या भेटीत मिळालेल्या क्रमांकावर फोन केला. त्यांनी कुठलाही खाते क्रमांक बदललेला नव्हता. कोणीतरी कितीतरी दिवस मेलची ये-जा वाचत बसलं होतं. आजही ती संध्याकाळ आठवली की हात गार पडतात. खाते क्रमांक मेलवर आला की आधी फोन करायचा, आणि फोन मेलमधल्या क्रमांकावर करायचा नाही.

रात्रपाळी

माझं नाव बघून कळलंच असेल, मी भावाच्या बाजूने बोलतो. :)

रात्री काम करणाऱ्याचं घर अडतं ते फोनमुळे. कर्जाच्या अर्जानंतर बँकेचा पडताळणीचा फोन येतो, तो नेमका सकाळी अकराला. त्या वेळी मी गाढ झोपेत. दोन फोन चुकले की फाईल 'प्रलंबित'मध्ये जाते आणि ती आपोआप बाहेर येत नाही, कोणीतरी विचारल्यावरच येते. मला हे सोळा दिवसांनी कळलं. अर्जातच फोनची सोयीची वेळ लिहा आणि बँकेतल्या माणसाला संदेशही पाठवा. भावाच्या कंपनीतही बँकेचा मेल किंवा फोन जातो, खरंच इथे कामाला आहेत का ते विचारायला. तिथल्या मनुष्यबळ विभागात आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर ते माहिती द्यायलाच नकार देतात.

ताई, भावाला उठवायची वेळ आली तर उठवा. त्याला राग येणार नाही. मला माझ्या बहिणीने उठवलं असतं तर बरं झालं असतं, असं मी तिला आजही सांगतो.

दवबिंदू

वहिनींसाठी. सातवा महिना म्हणजे आठ आठवड्यांनी त्या नोंदणी कार्यालयात तीन तास बसू शकतील का, हे आज सांगता येत नाही. म्हणून कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार देणाऱ्या दस्ताची, तयारी आत्ताच करा, लागलं नाही तर उत्तमच. पण ते कसंतरी करून चालत नाही. बऱ्याच बँकांना स्वतःच्या मसुद्यातलंच हवं असतं, आणि त्यात या घराचा, या कर्जाचा स्पष्ट उल्लेख लागतो. मसुदा आधी बँकेला आणि वकिलाला दाखवून होकार घ्या, मग नोंदवा. आम्ही आधी नोंदवलं, मग दाखवलं, मग पुन्हा नोंदवलं.

आणि त्यांचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का बघा. लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, तिसऱ्यावर मधलं नाव गायब. हे सहज सुटण्यासारखं आहे, एक प्रतिज्ञापत्र लागतं, पण शेवटच्या दिवशी लक्षात आलं तर तारीख जाते.

आडवी_रेघ

नावावरून आठवलं, सही! माझे बाबा सहकर्जदार होते. पक्षाघातानंतर त्यांचा हात पूर्वीसारखा चालत नव्हता. बँकेतली नमुना सही वीस वर्षांपूर्वीची, सुंदर वळणदार. आता त्यांची सही म्हणजे एक थरथरती रेघ. दोन धनादेश परत आले तेव्हा ते गप्प झाले, जेवणावर लक्ष नाही. मग शाखेतल्या एका बाई घरी आल्या, समोर बसून नवी नमुना सही घेतली. बाबांनी ती आठ वेळा वहीत गिरवून मग दिली. 'ही चालेल ना?' असं लहान मुलासारखं विचारलं. ती वही माझ्याकडे आहे.

घारी

आडवी_रेघ, डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या नवऱ्याच्या तीन बँकांत तीन वेगळ्या सह्या आहेत. हे वाचून आत्ताच त्याला वही दिली, एक ठरव म्हटलं. सरावाला बसलाय, मुलगी बाजूला बसून गुण देतेय.

निवांत

मी वर एका ओळीत लिहिलं ते काहींना तुसडं वाटलं असेल, म्हणून नीट लिहितो.

आम्हीही असंच लवकर लवकर केलं. विक्रेत्याला दुसरा ग्राहक होता म्हणे. आम्ही घर एकदाच पाहिलं, भर उन्हाळ्यात, सगळं कोरडं ठणठणीत. शयनगृहाच्या एका भिंतीला अख्खं कपाट टेकवलेलं होतं. ते हलवा असं म्हणायला मला अवघड वाटलं, त्यांचे कपडे होते आत. ताबा घेतल्यावर कपाट निघालं आणि मागे छतापासून जमिनीपर्यंत काळी बुरशी. वरच्या घरातल्या न्हाणीघराचं पाणी तिथून झिरपत होतं. दोन वर्षं आणि बरीच पुंजी त्या एका भिंतीत गेली. मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला.

म्हणून कागदांची घाई जरूर करा, शिस्तीत म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. पण घर बघायची घाई करू नका. दिवसा बघा, रात्री बघा, पाऊस पडत असताना बघा. सगळे नळ एकदम सोडा. कपाटं हलवायला लावा. जाणकार पाहणी करणाऱ्याला न्या. आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी करारात लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीत दोष निघाला तर इसार पूर्ण परत मिळेल, अमुक दिवसांत. फ्रान्समध्ये तर प्राथमिक करारानंतरही घर घेणाऱ्याला १० दिवसांची मुभा कायद्यानेच असते, कारण न देता मागे फिरता येतं. जिथे अशी मुभा नाही तिथे ती आपणच करारात लिहून घ्यायची.

शिस्तीत

@निवांत, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मी पाहणीचा उल्लेख उडत केला, तो माझ्या यादीत सर्वांत वर असायला हवा होता. मुलगा आता बरा आहे ना?

निवांत

हो, आता पळतो चांगला. विचारल्याबद्दल आभार.

पिंपळपान

मी एक घर इंग्लंडमध्ये घेतलं आणि नंतर एक स्कॉटलंडमध्ये. एकाच बेटावर दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि या धाग्याला त्या उपयोगी पडतील असं वाटतं.

इंग्लंडमध्ये किंमत मान्य झाली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो. वर साखळी असते. माझा विक्रेता दुसरं घर घेणार, त्याचा विक्रेता तिसरं. आमच्या साखळीत पाच घरं होती आणि चौथ्या घरवाल्याचं कर्ज अडल्यावर पाचही घरं थांबली. मी रोज माझ्या वकिलाला फोन करायचो, पण अडचण त्याच्याकडे नव्हतीच. एजंटला 'अख्ख्या साखळीत आज कोण कोणासाठी थांबलंय' असं विचारायला लागलो तेव्हा कुठे खरं कळलं. पायवाट, तुमचे विक्रेते मुलाजवळ जातायत. तिथे ते नवं घर घेणार आहेत का, हे जरूर विचारा.

स्कॉटलंडमध्ये मात्र घर बाजारात आणतानाच विक्रेत्याने होम रिपोर्ट करून ठेवायचा असतो, १ डिसेंबर २००८ पासून. त्यात तज्ज्ञाची पाहणी, मूल्यांकन, ऊर्जेचा अहवाल आणि विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली असते. आम्ही घर बघायला गेलो तेव्हाच छत कुठे दुरुस्तीला आलंय ते माहीत होतं. वकिलांमधली पत्रं पूर्ण झाली की करार दोघांवरही बंधनकारक, मग धाकधूक नाही. इंग्लंडनेही २००७ मध्ये विक्रेत्याने माहितीसंच द्यायचा प्रयोग केला होता, २०१० मध्ये तो गुंडाळला. मला त्याचं वाईट वाटतं. जे कागद लागणारच आहेत ते ग्राहक येण्याआधी तयार ठेवले तर दोघांचाही जीव वाचतो.

कोरा_कागद

कोणीच मूल्यांकनाचा धक्का सांगितला नाही, म्हणून पुन्हा आलो.

समजा किंमत १०० ठरली आणि बँक ८० टक्के कर्ज देते. भाऊ मनात धरून चालतो की आपल्याला २० आणायचे आहेत. बँकेच्या मूल्यांकनवाल्याने घराची किंमत ९२ लावली. आता बँक ९२ च्या ८० टक्के देणार, म्हणजे ७३.६. विक्रेत्याला मात्र १०० च हवेत. तर आणायचे २० नाहीत, २६.४. शिवाय मुद्रांक, नोंदणी, वकील हे वेगळं, त्याला कर्ज बहुधा मिळत नाही. हा आकडा सहाव्या आठवड्यात कळला तर माणूस कोसळतो. म्हणून मूल्यांकन पहिल्या पंधरवड्यात करून घ्या. कमी आलं तर अहवाल मागा, क्षेत्रफळ चुकीचं धरलंय का बघा, आणि तोच अहवाल दाखवून विक्रेत्याशी किमतीवर बोला.

तिसरा_मजला

शेवटच्या आठवड्याबद्दल एक. अमेरिकेत कर्जाच्या अंतिम आकड्यांचा तक्ता व्यवहाराच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी हातात द्यावाच लागतो, २०१५ पासून. माझ्या चुलतबहिणीने तो आधीच्या अंदाजाशेजारी ठेवून ओळ ओळ ताडली तेव्हा एक शुल्क दोनदा लागलेलं सापडलं. जिथे तसा नियम नाही तिथेही तीन दिवस आधी अंतिम हिशेब आणि खरेदीखताचा अंतिम मसुदा मागून घ्या. नोंदणीच्या टेबलावर मसुदा पहिल्यांदा वाचायचा म्हणजे कोणी काही वाचत नाही.

पायवाट

सात आठवड्यांनी परत येतेय. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

@आडवी_रेघ, बोजा तसाच होता! तीन वर्षं झाली फिटून, पण काढायचा अर्ज कोणी केलाच नव्हता. मी काकांसोबत बँकेत गेले, दोनदा. काकांनी सगळ्या जुन्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, हप्त्याच्या क्रमाने, प्रत्येकीला टाचणी. त्यांनी डबा उघडला आणि समोरचा कर्मचारी उभा राहून बघायला लागला. तेरा दिवसांत पत्र मिळालं.

@निवांत, कपाटं हलवली. काकूंनी स्वतःच कपडे काढून पलंगावर ठेवले, 'बघ बाई, तुझ्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं' म्हणाल्या. भिंती कोरड्या. पण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली नळजोड गळत होता, तो त्यांनी बदलून दिला.

मूल्यांकन ९६ आलं, ९२ नाही. तेवढी तयारी केली होती. भावाला पडताळणीचा फोन आला तेव्हा मी त्याच्या उशाशी बसले होते, रात्रपाळी यांच्या कृपेने. वहिनीला डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, त्यामुळे मुखत्यारपत्र लागलंच. मसुदा बँकेने आधी पाहिलेला होता, एका फेरीत झालं. पिंपळपान यांचा प्रश्न विचारला, काका-काकू मुलाच्याच घरी राहणार आहेत, साखळी नाही.

नोंदणी काल झाली. आठ आठवडे म्हटले होते, सात आठवडे आणि दोन दिवस लागले. किल्ली आज संध्याकाळी मिळतेय. बाळ अजून आत आहे, त्यालाही बहुधा नोंदणीची वाट बघायची होती. :)

घारी

किती छान बातमी! वहिनींना आमच्या सगळ्यांकडून खूप खूप शुभेच्छा.

जुनाट_पेटी

मनापासून आनंद झाला. तो पत्र्याचा डबा काकांकडून मागून घ्या, किंवा निदान त्यातल्या सगळ्या कागदांच्या प्रती. पुढे कधी भावाने घर विकलं तर त्याचा वकील हेच मागेल.

शिस्तीत

अभिनंदन! संध्याकाळी किल्ली घेताना वीज आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग काकांसमोर टिपून घ्या, फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. मागची बिलं कोणी भरायची यावरून चांगली माणसं उगाच दुखावतात. आणि मीटर नावावर करून घ्यायचा अर्ज उद्याच द्या.

पायवाट

आत्ताच घरातून येतेय. विजेचा फोटो काढला. पाण्याचं मीटर जिन्याखाली अंधारात होतं, काकांनी टॉर्च धरली आणि मी आकडे वाचले, भावाने लिहिले. सही झाली. काकू निघताना दारात थांबल्या आणि वरची कडी कशी थोडी उचलून लावायची ते भावाला दोनदा करून दाखवलं. अर्ज उद्या.